दुपारची झोप

व्यंकटरावांचा हात चहाच्या कपाकडे गेला आणि कपाचा कान सोडून बाजूच्या रिकाम्या जागेवर मिटला. मिटलेली बोटं त्यांनी तशीच वर उचलली, तोंडापर्यंत नेली, आणि ओठांना काहीच लागलं नाही तेव्हा कुठं खाली पाहिलं. कप जागच्या जागी होता, वाफ निघत होती. ते स्वतःशीच ओशाळं हसले. दुसऱ्यांदा हात नेला तो गरजेपेक्षा जोरात, आणि कप बशीसकट कलंडला. चहा पाटावरून ओघळून नुकत्या सारवलेल्या भुईत जिरू लागला. आतून नर्मदाबाई म्हणाल्या, "राहू द्या, राहू द्या, दुसरा आणते." उंबरा पुसायला वाकलेली चतुराबाई तशीच वाकून राहिली. हातातलं फडकं थांबलं होतं. खरं तर तिनं पुढं होऊन सांडलेलं निपटायचं, कामवालीचं ते कामच. पण तिच्या पोटात काहीतरी ऊन ऊन पसरत चाललं होतं, उपाशीपोटी गुळाचं पाणी प्यावं तसं. हा हात तिनं आधी पाहिला होता. हा नव्हे, पण असाच, जवळच्या वस्तूचा अंदाज हरवलेला, आपल्याच धन्याला न जुमानणारा हात. औषध लागू पडलं, असं तिच्या मनात आलं. मग तिनं फडकं पिळलं, पुढं झाली आणि मान खाली घालून भुई पुसली.

तिच्या नवऱ्याचा, सटवाजीचा हात असाच शर्टाच्या गुंड्यांवरून घसरायचा. वरची गुंडी खालच्या काजात, खालची कुठंच नाही. पहिल्यांदा तिनं हसत हसत त्या सोडवून पुन्हा लावल्या होत्या. पुढं पुढं हसू येईना. जेवायला बसला की भाकरीचा घास गालात धरून तो थांबायचा, डोळे उघडे, बुबुळं भलतीकडंच, आणि तिनं "अवो" म्हणून गुडघ्याला हात लावला की दचकून पाय पुढं दाबायचा, जसा काही चुलीपुढच्या भुईतच ब्रेक होता. माणिकरावांच्या मोटारीवर तो ड्रायव्हर. मोटार परभणीहून निघायची, बोरी, जिंतूर करत चारठाण्याला जायची आणि तशीच मागं यायची. चारठाणा त्याचं गाव, बिऱ्हाड मात्र परभणीत. गावाकडं थोडी कोरडवाहू जमीन, आणि आई बायनाबाई. महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा माणिकरावांनी मोटारीच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवून घेतली. कोळसा जाळायचा, त्याच्या गॅसवर मोटार चालवायची. लोकांना मोठं नवल वाटलं. सटवाजीला मात्र त्या दिवसापासून दोन धंदे झाले. तांबडं फुटायच्या आधी जाऊन भट्टी पेटवायची, पंख्याचा दांडा फिरवत बसायचं, गॅस धरला की उतारू घ्यायचे. आणि दिवसभर हाकून परत आल्यावर निखारे ओढायचे, राख काढायची, काजळीनं तुंबलेल्या नळ्या झाडायच्या, उद्याचा कोळसा फोडून चाळून ठेवायचा. घरी यायचा तो डोळे लालभडक, डोकं दोन्ही हातांत धरून. "त्या धुरानं गुंगी येती बघ," म्हणायचा. अंगाला असा वास, की नेसूच्या लुगड्यात तो चतुराबाईला अजून येत असे. लुगडं कधीच फाटून गेलं होतं, तरी.

ड्रायव्हर लोकांच्या पाळ्या ठरवायचं काम व्यंकटरावांकडं होतं. ते माणिकरावांचे मॅनेजर. उर्दूत अर्ज लिहिणारे, कचेरीत ऊठबस असलेले, स्वभावानं काही वाईट नाही असं ज्यांच्याबद्दल सगळे म्हणत. दिवसभर मोटार हाकलेल्या माणसाला पुरती विश्रांती दिल्याशिवाय पुन्हा हाकायला बसवायचं नाही, असा सरकारचा कायदा होता. स्टँडावर तशी पत्र्याची पाटीही ठोकलेली होती. व्यंकटराव कायदा मोडत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोटार उभी म्हणजे ड्रायव्हर मोकळा. राख काढणं, नळ्या झाडणं, कोळसा फोडणं यात काही मोटार हाकणं नाही. सबब ती विश्रांतीच. हे ते इतक्या शांतपणे, इतक्या समजावणीच्या सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला आपणच हिशोबात चुकलो असं वाटावं. त्या वर्षी लग्नसराई दाट होती. दुसरा ड्रायव्हर तापानं पडला होता, आणि सटवाजी नेहमीच्या फेऱ्या करून वर लग्नाची वऱ्हाडं वाहत होता. शेवटी एका दुपारी तो व्यंकटरावांच्या घरी गेला. संध्याकाळी त्यानं ते तिला सांगितलं, तेही हसत.

"मनलं उद्याच्याला एक दिस सोडा. डोळ्यापुढं रस्ता हलायलाय."

"मंग? काय मनले मनीजरसाब?"

"भेटलेच न्हाईत. बाईसाब दारात आल्या. मनल्या, झोपलेत, उठवायचं न्हाई. दुपारची झोप मोडली की डोकं दुखतंय त्यांचं."

"मंग तुमी?"

"मंग काय. आलाव वापस. नळ्या झाडायच्या व्हत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीच्या अलीकडं, ओढ्याच्या उतारावर, मोटार सरळ गेली. रस्ता वळला, मोटार वळली नाही. सटवाजी गेला. माहेराला निघालेली एक नवी नवरी गेली, आणि तिला आणायला आलेला म्हातारा चुलता गेला. जे वाचले ते म्हणाले, ड्रायव्हर ओरडला नाही, ब्रेक दाबला नाही, काही नाही. मान खाली घातली होती त्यानं, जसं काही छातीवर पडलेलं काही बघत होता. जिंतूरला मुन्सफापुढं चौकशी झाली. चतुराबाई तिथं भिंतीला टेकून बसली होती, कुंकू पुसलेलं, पदर नाकापर्यंत. व्यंकटरावांनी शपथेवर जबानी दिली. "ड्रायव्हरला पूर्ण विश्रांती होती, हुजूर. आदल्या दिवशी दुपारपासून मोटार उभी होती. मोकळ्या वेळात तो कुठं गेला, शिंदी पिऊन पडला की काय, ते आम्ही कसं सांगावं?" एवढंच. पिला होता असं ते म्हणाले नाहीत. पण बाहेर पडेपर्यंत ते तसंच झालं होतं, आणि चारठाण्याला बातमी तिच्या आधी पोचली. ज्या माणसानं आयुष्यात शिंदीच्या दुकानाची पायरी पाहिली नव्हती, तो शिंदीबाज म्हणून मेला. नवरीच्या गावची माणसं बायनाबाईच्या दारात येऊन थुंकून गेली. बायनाबाईनं सुनेकडं बघून विचारलं, "तुला ठाव असंल, पीत व्हता का?" चतुराबाई "न्हाई" म्हणाली. पण बायनाबाई बघतच राहिली, आणि त्या बघण्यात इतका संशय होता की चतुराबाईनं त्याच आठवड्यात पालमकडची वाट धरली, भावाकडं.

तिथं ती राबली, पण मन तिचं कशात नव्हतं. खुरपताना, पाणी शेंदताना, तिच्या डोक्यात एकच माणूस असायचा, आणि तोही तिनं फक्त एकदा, मुन्सफापुढं, पाठमोरा पाहिलेला. धोत्र्याचं बी, विहीर, कुऱ्हाड, सगळं तिनं मनात करून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी तो फार पटकन मरायचा. मग तिनं परभणी गाठली. माहेरच्या ओळखीतल्या कडूबाईनं तिला व्यंकटरावांच्याच घरी लावून दिलं. कडूबाईला आधीचं काहीच ठाऊक नव्हतं, घरच्यांना तर नाहीच. ड्रायव्हरच्या बायकोचं नाव कुणी कधी विचारलं होतं? पालमकडची चतुराबाई, विधवा, कामाला वाघ, एवढं त्यांना पुरलं. पहिल्याच दुपारी तिनं त्यांना झोपलेलं पाहिलं. माजघरात पंचा अंगावर घेऊन, एक हात उशाखाली, तोंड थोडंसं उघडं, गाल लहान मुलासारखे सैल. दाराला आतून पडदा, नर्मदाबाई पायांचा आवाज न करता वावरत होत्या, आणि सगळं घर त्या झोपेभोवती हात जोडून उभं असल्यासारखं गप्प होतं. ते पाहताना चतुराबाईच्या छातीत जे आलं ते रडू नव्हतं. याला मारायचं नाही, असं तिला वाटलं. याची ही झोप घ्यायची. हीच.

तिच्याकडं मुसळ होतं, उखळ होतं, जातं होतं, आडाचा रहाट होता, कढया-पातेली होती. स्वयंपाकाला तिला हात लावता येत नसे, तो नर्मदाबाईंचा. पण आवाज करणारी सगळी कामं तिची. आवाज कसाही करून भागत नाही, हे ती लवकर शिकली. सतत कांडत राहिलं तर माणूस त्याला सरावतो, उलट त्याच लयीवर झोपतो. दूध उतू जायच्या आधी जसं एकदा थांबतं, तसा श्वास एकदा थांबतो आणि खोल जातो. बस, तिथं एकच आवाज. आडात घागर सोडायची. मग गप्प. माणूस कूस बदलतो, चुकचुकतो, पुन्हा हळूहळू उतरू लागतो. त्याला उतरू द्यायचं. अर्ध्यावर जाऊ द्यायचं. मग परसातल्या दाराची कडी. व्यंकटरावांना पहाटे पहिल्या मोटारीला स्टँडावर जावं लागे आणि रात्री शेवटची मोटार परतल्याशिवाय निजता येत नसे. दुपारची ती झोप हाच त्यांचा खरा आधार होता. नर्मदाबाई बोलल्या तेव्हा चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. "हात निसटला बाईसाब. ध्यानात न्हाई राहिलं." कुणी काय बोलणार? दाणे तर कांडलेच पाहिजेत, पाणी तर भरलंच पाहिजे. हळूहळू व्यंकटराव चिडके झाले, मग विसरभोळे झाले, मग कसनुसे झाले. हकिमाच्या पुड्या झाल्या, तळपायाला तूप चोळून झालं, उशाखाली अंगारा ठेवून झाला. चतुराबाई रोज त्यांच्या डोळ्यांकडं बघे, शेतकरी जसा पिकाकडं बघतो. आणि तिला स्वतःला झोप येत नसे, ते तिच्या खिजगणतीत नव्हतं. कडूबाईच्या खोपटात पडल्यापडल्या तिचे कान जागेच राहत. कधी वाटे, आपल्याही हातून काहीतरी निसटायला लागलं आहे. काय, ते कळत नसे.

कप कलंडला ते अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यातले दिवस होते. लढाई संपून काळ झाला तरी संस्थानाच्या सरहद्दीवर नाकेबंदी होती, पेट्रोल पुन्हा गायब आणि मोटारी पुन्हा कोळशावर. रझाकारांच्या भीतीनं माणसं पलीकडं वऱ्हाड प्रांतात पळत होती. माणिकरावांचे ड्रायव्हरही एकामागून एक हिंगोलीकडून पलीकडं गेले. चहा पुसून चतुराबाई परसात गेली न गेली तोच माणिकराव स्वतः आले. जाड, घामाघूम, हातात टोपी. ओसरीवर बसायच्या आधीच बोलू लागले.

"व्यंकटराव, शेवटचाबी गेला की हो. उद्या चारठाण्याचं वऱ्हाड हाय, इसार घेतलाय मी. आता तुमीच."

"मी?" व्यंकटराव म्हणाले. "मालक, मला येतं चालवता, पण सवय कुठंय? आणि मला झोप न्हाई. कितीतरी दिवस डोळ्याला डोळा न्हाई. आत्ता कप धरता आला न्हाई मला."

"चारठाण्याला पोचलं की झोपा खुशाल. उतारावर काय, मोटार आपसूक जाती."

"एक दिवस सोडा, मालक. रस्ता हलतो हो डोळ्यापुढं."

"अहो, आज दुपारपासून मोकळेच हाव की तुमी," माणिकराव हसून म्हणाले. "मोटार उभीच हाय."

परसातल्या भिंतीला पाठ लावून चतुराबाईनं ते ऐकलं. शब्दसुद्धा तेच होते. माणिकरावांनी ते व्यंकटरावांकडून उचलले होते की व्यंकटरावांनी माणिकरावांकडून, कुणास ठाऊक. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. तिच्या डोळ्यांसमोर बोरीचा तो उतार आला, दोन्ही बाजूंच्या बाभळी, खाली दगड. इतके दिवस तिनं याची झोप घेतली होती ती याला जागं पाहायला. पुढं काय, ते तिनं ठरवलं नव्हतं. आता पुढचं आपोआप चालत तिच्यापर्यंत आलं होतं. आज दुपारी एकदा, फक्त आणखी एकदा.

दुपारी व्यंकटराव आडवे झाले. तिनं मिरच्या उखळात घातल्या, मुसळ उचललं. पहिला घाव पडला आणि नर्मदाबाई धावत आल्या. त्यांनी मुसळावर हात ठेवला. गोरा, पिठानं माखलेला हात.

"आज तरी नको, चतुराबाई."

आज तरी. म्हणजे बाईला कळलेलं होतं. कधीपासून, कोण जाणे. चतुराबाईनं मुसळ सोडलं नाही.

"कामून?"

"उद्या मोटार न्यायची त्यांना. लोक असतात हो मोटारीत. लेकरंबाळं असतात."

"तवाबी व्हते," चतुराबाई म्हणाली.

नर्मदाबाईंना आधी कळलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करत सगळं उतरलं. त्यांचा हात मुसळावरून खाली आला. "तो दारात आला होता," त्या पुटपुटल्या. "टोपी काढून उभा होता. डोळे इतके लाल. मीच म्हटलं त्याला. तुमचे... तुमचे कोण?" नर्मदाबाई तिथंच, उखळाशेजारी, खाली बसल्या. "मला वाटायचं तुम्हाला खोडच आहे आवाजाची. पुढं पुढं वाटायला लागलं, मुद्दाम करतात. पण काय म्हणून करतील, ते कळेना, म्हणून गप्प राहिले. कांडा आता," त्या म्हणाल्या. "माझं तोंड नाही तुम्हाला अडवायला." हे ऐकल्यावर कांडणं जड व्हायला नको होतं, पण झालं. चतुराबाईनं मुसळ बाजूला टेकवलं आणि पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. घर गप्प होतं, चिमण्यासुद्धा नव्हत्या. व्यंकटराव उताणे पडले होते आणि त्यांचे डोळे सताड उघडे होते, आढ्याकडं. ते आवाजाची वाट पाहत होते. आता होईल, आता होईल, असे त्यांच्या मानेचे स्नायू ताठले होते. आवाजाची गरजच उरली नव्हती. ती तिथून दूर झाली आणि काम टाकून, मजुरी न मागता, बाहेर पडली.

सकाळी ती स्टँडावर गेली ती फक्त बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. भट्टी पेटली होती, कोळशाचा तोच वास, डोकं धरणारा. वऱ्हाड मोटारीत चढत होतं. टपावर रुखवताची भांडी, आत हळदीची माणसं, कडेवर लेकरू घेतलेली एक दांडगी बाई जागेसाठी भांडत होती. चारठाण्याचा कासार चंद्रभान बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. तो सटवाजीच्या लहानपणापासूनचा माहितीतला. व्यंकटराव ड्रायव्हरच्या जागी, चाकापाशी बसले होते. काजळीनं तोंड माखलेलं, ओठ सुकलेले, दोन्ही हात चाकावर, आणि मोटार उभी असूनही हात हलत होते. ते बघताना चतुराबाईला जे गोड लागायला हवं होतं ते लागेना. हा उतारावर मेला तर, तिच्या मनात आलं, तर गावोगाव काय म्हणतील? बिचारा, जागरणानं गेला. याच्यासाठी कुणीतरी खरं बोलेल. याची बायकोच बोलेल. आणि आपल्या माणसासाठी बोलू शकणारं एकच तोंड या जगात आहे, ते ओढ्यातल्या दगडांवर फुटेल. त्या बाईच्या कडेवरचं लेकरू भट्टीकडं बघून टाळ्या वाजवत होतं. तेही. अशा लेकरांनाही ती काल दुपारी विसरली होती, मुसळ हातात घेताना. माणिकरावांनी "चला" म्हणून मोटारीच्या पत्र्यावर थाप मारली आणि चतुराबाई मोटारीपुढं जाऊन उभी राहिली.

"उतरा," ती म्हणाली. "समदे उतरा खाली."

"ए बाई, हट!" माणिकराव ओरडले. "येडी हाय का काय?"

"ह्या माणसाला झोप न्हाई. मी झोपू दिलं न्हाई ह्येला. इचारा ह्येलाच." ती चाकाच्या बाजूला आली. इतक्या जवळून, पदर मागं सारून, ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "मनीजरसाब, शिंदी पिलाव का तुमी?"

व्यंकटराव तिच्याकडं बघत राहिले. "काय?"

"शिंदी. पिलाव का?"

"मी? कधी न्हाई. तुम्हाला ठाऊक आहे."

"मंग हात कामून कापायलेत? दिसंना कामून झालंय? काल दुपारपसून तर मोकळे हाव."

माणिकराव पुढं आले, तिचा दंड धरायला. पण चंद्रभान पेटी खाली ठेवून उभा राहिला. "बोलू द्या मालक," तो म्हणाला. "आमाला बसायचंय त्या मोटारीत." व्यंकटरावांनी चाकावरचे हात उचलून मांडीवर घेतले. ते थरथरतच होते. त्यांना लपवायला जागा नव्हती.

"मला झोप न्हाई," ते म्हणाले. "लय दिवस झाले. मला न्यायची न्हवती मोटार."

"मोठ्यानं."

"मला झोप न्हाई! मला चालवता यायची न्हाई ही." पोराटोरांची रडारड सुरू झाली, माणसं भराभर उड्या टाकू लागली. पण चतुराबाई हलली नाही. "आन त्यांना?" ती म्हणाली. व्यंकटरावांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. "कोणाला?" ते म्हणाले. तिची जीभ अडली. लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं; उखाण्यातसुद्धा तिनं लाजून अर्धंच घेतलं होतं. चौकशीतही मुन्सफानं विचारलं तेव्हा दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. "सटवाजी," ती म्हणाली. आणि मग पुन्हा, कुणाला हाक मारावी तसं, "सटवाजी. चारठाण्याचा सटवाजी डायवर. त्यो पिलेला व्हता का?"

व्यंकटरावांचं तोंड वेडंवाकडं झालं. ते तिच्याकडं असे बघत होते, जसं एखादं तोंड अनेक दिवस घरात वावरत असताना आज पहिल्यांदा दिसावं. माणिकराव म्हणाले, "मनीजर, तोंड सांभाळा." व्यंकटरावांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "पिलेला नव्हता. त्याला झोप नव्हती. मला ठाऊक होतं. मी खोटी शपथ घेतली."

एवढं झालं. तिला वाटलं होतं, हे कानावर पडलं की आत काहीतरी फुटेल, वाहून जाईल. तसं काही झालं नाही. कडेवर लेकरू घेतलेली बाई तिच्याच अंगावर आली, "मुहूर्त चुकवलास मेले, आता चालत जायचं का आमी?" माणिकराव कुणाला तरी पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबाकडं पिटाळत होते. आणि व्यंकटरावांची मान हळूहळू खाली गेली, कपाळ चाकाला टेकलं. त्या सगळ्या गलक्यात, भट्टीच्या धुरात, ते झोपले. माणिकरावांनी खांदा धरून गदागदा हलवलं. ते उठले नाहीत. तोंड थोडंसं उघडं पडलं होतं. चतुराबाईनं ते नीट, शेवटपर्यंत पाहिलं. तिला दया आली नाही. मग ती चंद्रभानकडं वळली.

"काका, ऐकलाव न्हवं तुमी?"

"ऐकलं पोरी. समद्यांनी ऐकलं."

"मंग चला. अमीन यायच्या आत. चारठाण्याला येऊन सांगा त्येंच्या आईला."

थोडं पायी, थोडं बोरीच्या बाजाराकडं जाणाऱ्या बैलगाडीत, असे ते दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात चारठाण्यात शिरले. ओढ्याच्या उतारावर ती गाडीतून उतरली नव्हती, डोळेही मिटले नव्हते. बायनाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. पार वाळून गेली होती. सुनेला बघून सूप थांबलं, पण ती ये म्हणाली नाही. चंद्रभाननं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, व्यंकटरावांचे शब्द जसेच्या तसे, दोनदा. म्हातारीनं सूप खाली ठेवलं, आणि डाळीचे चार दाणे उचलून ती ते बोटांत चोळत राहिली. मग चतुराबाईनं उखळ, रहाट आणि कडी, सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. न लपवता, न सजवता.

"आन आता?" शेवटी बायनाबाईनं विचारलं. आवाज खोलातून आला. "काय करतोय त्यो?"

"निघालाव तवा झोपलेला व्हता."

म्हातारीनं मान वर करून सुनेकडं पाहिलं. तिच्या कोरड्या डोळ्यांत कित्येक वर्षांनी काहीतरी पेटलेलं होतं.

"तू झोपू दिलंस?"

"काल दिलं," चतुराबाई म्हणाली, आणि अंगणातच, सासूशेजारी, भुईवर बसली.